रस्ता खणला जाणार नाही

"समस्त नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येत आहे की, उद्या सकाळी सूर्योदयापासून आपल्या वाडीतील दूधकट्ट्याच्या गल्लीत रस्ता खणला... जाणार नाही! तरी सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती!"

ही ऐतिहासिक घोषणा मी स्वतः, रिक्षाच्या मागच्या सीटवर मांडी ठोकून, कर्ण्यातून केलेली आहे. 'खणला' आणि 'जाणार' यांच्या मधे घेतलेला दम माझा. बाकीचा मजकूर आक्कांचा. आमची वाडी म्हणजे कोल्हापूर शहर संपतं न संपतं तोच सुरू होणारी वस्ती. वाडीची स्वतःची पाणीपुरवठा संस्था होती आणि मी तिचा पगारी सेक्रेटरी होतो. गणपतीतल्या नाटकांत राजाची कामं करून आवाज कमावलेला, त्यामुळं पाणी येणार नाही, कमी दाबानं येईल, गढूळ येईल, उकळून प्या, असल्या सगळ्या शोकवार्ता माझ्याच तोंडून ऐकायची वाडीला सवय. रिक्षा दिसली की बायका घागरी घेऊनच बाहेर यायच्या. पण रस्ता खणला जाणार नाही हे ऐकून त्या दिवशी जी घबराट उडाली, तशी मी पुरातसुद्धा पाहिली नाही. "म्हंजे पाणी येणारच न्हाय का?" "रस्ता खणत न्हाईत, मग काय घरं खणणार हाईत?" एका म्हाताऱ्यानं तर रिक्षासमोर काठी आडवी धरली. "सेक्रेटरी, तुमी नक्की काय करणार न्हाईसा, ते एकदा नीट सांगा की!"

माझ्या शेजारी शांताक्का बसल्या होत्या. मांडीवर लोखंडी घडीची खुर्ची, हातात छत्री, अंगावर इरकल, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. लोकांची धांदल बघून त्या मनापासून हसल्या. "तम्मा, बघितलास का? खणतो म्हटलं की कोण इचारत न्हाय. खणत न्हाय म्हटलं की जाब इचाराय येतंय गाव."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आक्का मूळच्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, लिंगायत व्यापारी घरातल्या. कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत त्यांना सारख्याच वेगानं भांडता यायचं. अगदीच राग आला तर वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायच्या, म्हणजे समोरच्याला शिवी बसली की नाही याची खात्री होत नसे आणि तो रात्रभर तळमळत असे. आईबापांनी नाव शांता ठेवलं होतं. लग्नाआधी बेळगावला त्यांनी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, आणि तो त्या कुणालाही विसरू देत नसत. "डिप्लोमा हाय माझा. फस्क्लास!" हे वाक्य त्या साहेब लोकांनाही ऐकवायच्या आणि पेरू महाग लावणाऱ्या बाईलाही.

व्यवसायानं आक्का पाइपलाइनच्या ठेकेदार. आणि त्यांचा नियम असा, की चर खणायचा नाही. आचाऱ्यानं चूल पेटवणार नाही म्हणावं आणि वर पंगत उठवून दाखवावी, तसला हा प्रकार.

यामागची गोष्ट त्या रडून सांगत नसत. तक्रार नोंदवावी तशी सांगत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, गगनबावड्याच्या बाजूला नळाचं काम चाललेलं. तिकडचा पाऊस म्हणजे आभाळाला भोक. चर खोल, कडा ओल्या. कडांना आधार द्यायला फळ्या आणायला टेम्पो गेला होता. "टेम्पो येईस्तवर एक बोल्ट आवळून घेतो म्हणून उतरले," आक्का सांगायच्या. "फळ्या आल्या. मालक आले न्हाईत." सांत्वनाला आलेले नातेवाईक म्हणाले, ज्या धंद्यानं माणूस खाल्लं तो बंद कर, गडहिंग्लजला परत ये, दुकानात बस. आक्का म्हणाल्या, "धंद्यानं न्हाय खाल्लं. घाईनं खाल्लं. घाई बंद करते, धंदा कशाला बंद करू?" आणि तेरावा दिवस उलटल्यावर मालकांच्या मोटरसायकलवर मागं मुकादमाला बसवून स्वतः साइटवर गेल्या.

तेव्हापासून ती खुर्ची. कुठंही खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर आक्का काठावर खुर्ची मांडून बसणार. दोन्ही बाजूंना फळ्या, मधे वासे ठोकून झाल्याशिवाय कुणी खाली पाय टाकायचा नाही. "फळी आदी, माणूस मागनं." दिवसातून कितीदा म्हणायच्या याचा हिशेब नाही. बरं, हे स्वतःच्या कामापुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा भर बाजारात आम्ही दोघं चाललो होतो. कुणाचा तरी केबलचा चर खणणं चाललेलं, दोन गडी पार डोक्याच्या वर खोलात. आक्कांनी खुर्ची उघडली आणि चराच्या तोंडाशी बसल्या.

मुकादम धावत आला. "ओ मावशी, उठा, काम चाललंय हितं."

"दिसतंय की. फळ्या कुठं हाईत?"

"तुमी कोण?"

"मी रिकामी हाय. संध्याकाळपतोर बसू शकते."

मुकादमानं साहेबाला फोन लावला, साहेबानं दुसऱ्या साहेबाला. आक्कांनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, खालच्या दोन गड्यांना वर बोलावून त्यांच्याही हातावर भाकरी ठेवली. आमचं जेवण होईपर्यंत फळ्यांची गाडी आली. मला त्या दिवशी भारी लाज वाटत होती आणि भारी मजाही येत होती. नाटकात राजा होऊन जे कधी जमलं नाही, ते या बाई एका घडीच्या खुर्चीवर बसून करत होत्या.

आता आमच्या वाडीच्या दुखण्याकडे येतो. नदीवरच्या विहिरीतून पंपानं उचललेलं पाणी टेकडावरच्या टाकीत चढवणारा आमचा नळ बिडाचा, आमच्या आजोबांच्या काळातला. आतून गंजाचे खडे चढलेले, जागोजागी चिरलेला. पंप सुरू झाला की दाबाचा असा हिसका बसायचा की कुठंतरी फुटायचाच. आणि नेमका फुटायचा दूधकट्ट्याच्या गल्लीत. तिथं जमीन उंच, म्हणून जुन्या लोकांनी नळ खूप खोल घातलेला. वर अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना घरांच्या भिंती. याच गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळ-संध्याकाळ सदा गवळी आणि त्याचे भाऊबंद म्हशी आणून उभ्या करत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देत. सदा म्हणजे अंगानं त्याच्या म्हशींच्या बरोबरीचा, जुना पैलवान. नळ फुटला की गल्लीत तळं व्हायचं. साऱ्या वाडीत त्याचा आनंद फक्त म्हशींना होता.

संस्थेच्या बैठकीत चेअरमनांचं म्हणणं साधं होतं. गल्ली उभी खणायची, जुना नळ काढायचा, नवा घालायचा. जेसीबी त्यांच्या मेव्हण्याचाच होता. सहा महिने कट्टा बंद राहील, राहू दे. भिंतींना तडे जातील, लिंपून घेऊ. खोल चरात गडी उतरावे लागतील, त्यात काय, गडी उतरतातच.

या बैठकीत आक्का आल्या आणि त्यांनी पिशवीतून गंजक्या नळाचा एक तुकडा चेअरमनांच्या टेबलावर ठेवला. मग एक चपटी, पट्ट्यासारखी दिसणारी नळी काढली. बाहेरून-आतून प्लॅस्टिकचा थर, मधे मजबूत धाग्याचं विणकाम. आग विझवणाऱ्या बंबाची नळी असते ना, तिचीच थोरली बहीण. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात बंबाच्या नळ्या विणताना आक्कांनी बघितल्या होत्या. परदेशात असलं अस्तर जुन्या नळात ओढून घालतात हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं. कारखान्याच्या मालकाच्या दारात खुर्ची मांडून बसून त्यांनी ते विणून घेतलं. तो शेवटी कंटाळून हो म्हणाला असावा. दोन्ही टोकांना पकडून ठेवणाऱ्या पोलादी कॉलरी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून करून घेतल्या.

"दोन टोकांना दोन बारके खड्डे," आक्का म्हणाल्या. "हे अस्तर घडी घालून ह्या खड्ड्यातनं आत, त्या खड्ड्यातनं भाईर. मग पाणी सोडायचं." त्यांनी चपटी नळी तुकड्यात सरकवली, एक टोक मुठीत गच्च आवळलं आणि दुसऱ्या टोकातून चेअरमनांचा पाण्याचा तांब्या ओतला. नळी टम्म फुगून गंजक्या नळाच्या अंगाला चिकटली. "बघा. जुना नळ नुसता म्यान. दाब सगळा हे झेलणार. परकराला अस्तर लावत न्हाई का, तसं." एवढं बोलून त्यांनी मूठ सोडली आणि तांब्याभर पाणी चेअरमनांच्या धोतरावर गेलं.

चेअरमन धोतर झटकत म्हणाले, "बाई, हे खेळणं ठीक हाय. पण खणल्याबिगर नळ दुरुस्त झाल्यालं आमी कुठं बघितलं न्हाय."

सगळी वाडी त्यांना आक्का म्हणायची. चेअरमन मात्र 'बाई' म्हणायचे, आणि त्यात खडा चावल्यासारखा सूर असायचा.

"चेरमन," आक्का म्हणाल्या, "तुमचं पित्ताशय मागल्या वर्षी काढलं न्हवं? पोट फाडून काढलं का?"

चेअरमनांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं आणि ते त्यांनीच साऱ्या वाडीला शर्ट वर करून दाखवलं होतं. दोन बारकी भोकं.

"तुमचं पोट फाडायचं न्हाय, मग वाडीचं का फाडायचं?"

बैठकीत हशा उसळला आणि ठराव झाला. पण चेअरमनही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी अट घातली: एक दिवस. संध्याकाळच्या धारेच्या वेळेपर्यंत टाकीत पाणी चढलं तर बाई जिंकल्या. नाही चढलं तर जेसीबी लागलीच गल्लीत. आक्का म्हणाल्या, "चालतंय." मग माझ्याकडे वळून, "तम्मा, रिक्षा सांग."

तो दिवस उजाडला तोच जत्रेसारखा. पंप बंद, टाकी जवळपास कोरडी, वाडीत घागरी पालथ्या. गल्लीच्या वरच्या तोंडाला एक खड्डा, खालच्या तोंडाला एक. दोन्ही आदल्या दिवशीच फळ्या-वासे लावून तयार. खालच्या खड्ड्याच्या काठावर आक्कांची खुर्ची. गल्लीच्या मुखाशी पिवळा जेसीबी, त्याच्या सावलीत चेअरमन. आणि सदाची सगळी तालीम मदतीला, कारण कट्टा गेला असता तर म्हशी घेऊन ते जाणार कुठं?

पहिला प्रश्न, नळातून दोरी कशी घालायची. आक्कांनी वाडीच्या संघाचा एक जुना फुटबॉल मागवला. कोल्हापुरात फुटबॉलला नाही कोण म्हणणार? थोडी हवा काढली, त्याला नायलॉनची दोरी बांधली, वरच्या खड्ड्यातून नळात सोडला आणि त्याच्यामागं टाकीतल्या उरल्यासुरल्या पाण्यातलं थोडं. सगळी वाडी खालच्या खड्ड्याभोवती कान टवकारून उभी. आतून घरंगळल्याचा आवाज जवळ जवळ येत गेला आणि फटकन बॉल बाहेर पडून सदाच्या छातीवर आदळला. "गोल!" गल्लीच्या दोन्ही भिंती हादरल्या. एकानं तर फटाक्यांची माळ लावली, आणि म्हशी बिथरल्या म्हणून सदानं त्याला धरून चोपलं.

दोरीनं तार ओढली, तारेनं खरवडणी ओढली, गंजाचे खडे घमेल्या-घमेल्यांनी बाहेर आले. मग अस्तर. वरच्या खड्ड्यापाशी ते उभं दुमडायचं आणि ठरावीक अंतरावर सुती दोऱ्यानं बांधत आत सोडायचं. हा दोरा मुद्दाम कच्चा असतो. अस्तर आत गेलं, पाण्याचा दाब आला की फुगतं, दोरे तुटतात, आणि अस्तर नळाला जाऊन भिडतं. आक्कांनी सदाला दोऱ्याचं रीळ दिलं, बांध म्हणाल्या, आणि खाली खुर्चीवर येऊन बसल्या.

अस्तर सापासारखं सरसर आलं. टोकं कॉलरीत आवळली. वरून पाणी सोडलं. सगळे वाट बघू लागले.

खाली करंगळीएवढी धार. दाबाचा काटा वर चढतोय, धार तेवढीच. आक्कांनी नळाला कान लावला. आत काहीच तुटत नव्हतं.

"सदा!" त्या ओरडल्या. "दोरा बांधलास न्हवं?"

सदा अभिमानानं पुढं आला. "आक्का, त्यो दोरा लई कच्चा हुता. हातानं तुटायला लागला. म्हटलं, एवढ्या दाबाचं काम, आपल्या गल्लीची अब्रू! वरनं काथ्या आवळलाय. म्हशीची गाठ मारलीया सगळीकडं. आता परळयो झाला तरी सुटायची न्हाय!"

ज्या माणसानं आयुष्यभर म्हशी सुटू नयेत म्हणून गाठी मारल्या, त्याच्या हातात सुटण्यासाठी बांधायचं काम दिलं होतं. मला वाटलं, आता मराठीत सुरू होऊन कानडीत संपणार. पण आक्का एवढंच म्हणाल्या, "अय्यो सदा. सुटायसाठी बांधायचं असतंय रे."

चेअरमन सावलीतून उठले. "झालं न्हवं बाई? हौस फिटली? आता संध्याकाळपतोर काय पाणी चढत न्हाय. ए, घे रे गाडी आत!"

जेसीबी घरघरत गल्लीत शिरला. गल्लीच्या मधोमध त्यानं पंजा टाकला. एक खेप, दुसरी खेप. काळ्या मातीचा चर बघता बघता माणसापेक्षा खोल झाला, आणि कडेच्या घराच्या भिंतीवरून खपली पडली. चेअरमनांनी गड्यांना खूण केली. पहिला गडी धोतर खोचून काठावर आला. तेवढ्यात त्याच्यापुढं लोखंडी खुर्ची आपटली आणि आक्का तीवर बसल्या. पाय चराच्या बाजूला सोडलेले, डोक्यावर जेसीबीचा पंजा, हातात उघडी छत्री.

"फळी आदी, माणूस मागनं."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. चेअरमन लाल झाले. "बाई, ठराव झालाय! तुमी हरलाय!"

"हरले की. खणा. मी कुठं खणू नको म्हणते? फळ्या लावा आन् खणा."

"आवो, चार फावडी मारून वर येत्यात पोरं!"

"आमचे मालक बी एक बोल्ट आवळून वर येणार हुते."

काठावरच्या गड्यानं हळूच खोचलेलं धोतर सोडलं आणि दोन पावलं मागं सरकला. कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "मागीव बाबा फळ्या. काय सोनं मागितलंय व्हय?" मग सगळा बायकांचा घोळका सुरू झाला. चेअरमनांना दुसरा मार्गच उरला नाही. त्यांनी टेम्पो पिटाळला लाकडाच्या वखारीकडं. आणि तो वार होता सोमवार. कोल्हापुरात सोमवारी बाजार बंद. टेम्पो या वखारीच्या कुलपाकडून त्या वखारीच्या कुलपाकडं फिरत राहिला.

आक्कांनी मला जवळ बोलावलं. ओठ न हलवता म्हणाल्या, "तम्मा, मी हितं बसलीया. सदाला सांग, उलटं ओढ."

तोवर मला वाटत होतं की त्या हटून बसल्या आहेत. त्या तर काम करत होत्या.

चेअरमनांची पाठ गल्लीकडं आणि तोंड रस्त्याकडं, टेम्पोची वाट बघत. इकडं सदाच्या मंडळींनी अस्तर वरच्या खड्ड्यातून परत बाहेर ओढलं. गाठी सोडवताना त्यांची जी गत झाली ती सांगवत नाही. स्वतःच मारलेल्या गाठींना ते दातांनी भिडले होते. सुती दोऱ्याचं रीळ ओढाताणीत कुठं गटारात गेलं, सापडेना. तेव्हा गल्लीत गजरे करणाऱ्या बायकांनी आपल्या परड्या आणल्या. गजऱ्याचा दोरा! ओला केला की वळतो आणि ओढला की तुटतो. सदाला त्यांनी हात लावू दिला नाही. "तू लांब हो. तुझा हात म्हशीचा हाय," म्हणाल्या, आणि फुलं ओवताना घालतात तशा नाजूक गाठी घालत त्यांनी ते सबंध अस्तर बांधून काढलं. आक्का छत्रीखाली बसून चेअरमनांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होत्या.

दुसऱ्यांदा अस्तर आत गेलं. कॉलरी आवळल्या. पाणी सोडलं. आक्का पहिल्यांदा खुर्चीवरून उठल्या, खालच्या खड्ड्यापाशी गेल्या, फळ्यांना हात लावून बघितला, उतरल्या आणि नळाला कान लावला. मग मला म्हणाल्या, "ये, ऐक."

मी कान टेकवला. आत लाह्या फुटत होत्या. पट. पट पट. दुरून जवळ येत गजऱ्याचे दोरे तुटत होते. आणि एकाएकी खालच्या तोंडातून पाणी असं आलं की आम्ही दोघं गळ्यापर्यंत भिजलो.

जोडणी झाली, पंप सुरू झाला, नेहमीचा हिसका बसला, आणि नळ फुटला नाही. टाकीवर चढलेला माणूस टेकडावरून ओरडला, "आलंऽऽ!" तेव्हा म्हशी धारेसाठी कट्ट्यावर येत होत्या. सदानं पहिली धार पेल्यात काढून फेसासकट आक्कांना दिली. दुसरी चेअरमनांना, त्यांनी मागितली नव्हती तरी. त्यांच्या मिशीला फेस लागलेला असतानाच गल्लीच्या तोंडाशी टेम्पो येऊन थांबला, फळ्यांनी भरलेला. आक्का म्हणाल्या, "उतरवून घ्या. वाया जात न्हाईत."

पुढं संस्थेनं सबंध नळाला अस्तर घातलं आणि आजूबाजूच्या गावांची बोलावणी आक्कांना येऊ लागली. चेअरमन मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की पाणी जेसीबीला भिऊन चढलं. आक्कांनी त्यांना कधी खोडलं नाही. फक्त कुठं नवं काम निघालं की मुद्दाम चेअरमनांना बोलावून घ्यायच्या आणि आपल्या शेजारी उभं करायच्या. खुर्ची एकच. "बघा चेरमन, फळ्या नीट लागल्यात का." चेअरमन कुरकुरत वाकून बघायचे. "लागल्यात बाई, लागल्यात." एकदा तर एक वासा सैल असल्याचं त्यांनीच दाखवलं आणि मग आठवडाभर तेच सांगत फिरले.

काही वर्षांनी आक्कांना दुखण्यानं धरलं. डॉक्टरनं पोट उघडावं लागेल म्हटल्यावर दवाखान्यात जे भांडण झालं, ते मी इथं देत नाही. बरंचसं कानडीत होतं. एक दिवस मला म्हणाल्या, "तम्मा, शेवटाला खड्डा चुकत न्हाय बघ आमा लोकास्नी. आयुष्यभर टाळला."

लिंगायतांत दहन नसतं, दफन असतं. आणि माणूस झोपवून नाही, बसवून नेतात. ऐन पावसाळ्यात आक्का गेल्या. इरकल नेसवलेल्या, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि गजऱ्यांच्या माळा, त्या गल्लीतल्या बायकांनी ओवलेल्या. मखरात ताठ बसलेल्या. वाडी लोटली होती. सदा हुंदके देत होता आणि त्याचे हुंदकेही त्याच्याच मापाचे होते.

रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, पोचलो तर सकाळी खणून ठेवलेल्या खड्ड्यात पावसानं पाणी आणि गाळ भरलेला. विधी करणारे जंगम म्हणाले, थोडा साफ करून खोल करावा लागेल. आक्कांचं मखर खड्ड्याच्या काठाशी खाली ठेवलं. तोंड खड्ड्याकडं. सदानं डोळे पुसले, फावडं घेतलं आणि खाली उडी मारली. त्याच्या मागून दुसरा. ओल्या काळ्या मातीची कड त्यांच्या खांद्यापर्यंत होती. सदानं पहिलं फावडं मारलं आणि कडेचं एक ढेकूळ सुटून त्याच्या पाठीवर पडलं.

जंगमांचा मंत्र चालू होता. चेअरमन माझ्या शेजारी, छत्री मिटलेली, भिजत. त्यांनी खाली खड्ड्यात बघितलं, मग वर मखराकडं बघितलं, परत खाली बघितलं. आणि मंत्र तोडून, साऱ्या रुद्रभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात ते किंचाळले,

"आरं वर ये सद्या, वर ये आदी! फळ्या आणा की रं कोणतरी! आक्का बघाय लागलीया!"